मालखान्यात गंजणारा इतिहास

इंदूर येथे सीमा सुरक्षा दलाचे शस्त्रप्रशिक्षण केंद्र आहे. त्या केंद्राच्या संग्रहालयात एक लहानसे अमेरिकन पिस्तूल वर्षानुवर्षे मांडलेले होते. पॉइंट ३२ बोअरचे, कोल्ट कंपनीच्या बनावटीचे. गंज चढू नये म्हणून इतर जुन्या शस्त्रांप्रमाणे त्यालाही काळा रंग फासलेला होता. प्रशिक्षणासाठी आलेल्या जवानांच्या किती तुकड्या त्या कपाटासमोरून गेल्या असतील, याची मोजदाद नाही. पंजाबातील एका पत्रकाराने जुनी न्यायालयीन कागदपत्रे आणि शस्त्रांच्या हस्तांतरणाच्या नोंदी चिकाटीने तपासल्या आणि २०१६ च्या अखेरीस त्या पिस्तुलावरील रंग खरवडला गेला. खाली अनुक्रमांक निघाला : १६८८९६. लाहोर कटाच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालेल्या, हुतात्मा भगतसिंगांच्या पिस्तुलाचा हाच क्रमांक होता.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरमध्ये साँडर्सवर पहिली गोळी झाडली ती पुणे जिल्ह्यातील खेडच्या शिवराम राजगुरूंनी. त्यापाठोपाठ भगतसिंगांनी ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते हे पिस्तूल. खटल्यानंतर ते फाळणीपूर्वीच लाहोरहून फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आले आणि १९६९ मध्ये आणखी काही शस्त्रांसह इंदूरला रवाना झाले. कुणी ते चोरले नव्हते, कुणी लपवलेही नव्हते. सरकारी मालमत्ता म्हणून ते या कपाटातून त्या कपाटात रीतसर सरकत राहिले. हरवली होती ती केवळ त्याची ओळख, आणि तीही ज्यांच्या ताब्यात ते होते त्यांच्याच हातून, रंगाच्या एका थराखाली. २०१७ मध्ये हे पिस्तूल हुसैनीवाला येथील संग्रहालयात, तिन्ही हुतात्म्यांच्या समाधीच्या सान्निध्यात, मानाने नेण्यात आले. परंतु मधल्या सुमारे पाच दशकांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या अनास्थेशेजारी परकीय सत्तेची दक्षता ठेवून पाहिली म्हणजे मान खाली जाते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रोडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे पळवली. त्यानंतर बंगालच्या पोलिसांनी काय केले? त्यांनी प्रत्येक पिस्तुलाचा माग काढला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्याचा हिशोबच मांडलेला आहे. त्यांपैकी चव्वेचाळीस पिस्तुले जवळजवळ तत्काळ नऊ क्रांतिकारी गटांमध्ये वाटली गेली, चौपन्न घटनांमध्ये ती वापरली गेली आणि तोवर एकतीस परत हस्तगत झाली. साम्राज्याला आपल्या शत्रूच्या हातातील एकेका पिस्तुलाची किंमत ठाऊक होती, कारण त्याला त्याचे भय होते. ज्यांच्यासाठी ती पिस्तुले उचलली गेली त्यांना मात्र स्वातंत्र्यानंतर ती मोजण्याची गरज वाटली नाही.

जुन्या शस्त्राचे मोल त्याच्या पोलादात नसते. एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून लाखो नग निघतात. त्यांतील एकाचे नाव इतिहासात जाते ते त्याच्याबरोबर चालत आलेल्या नोंदीमुळे. अनुक्रमांक, जप्तीचा पंचनामा, मुद्देमालाची चिठ्ठी, शस्त्रागाराच्या नोंदवहीतील एक ओळ, दस्त्यावर कोरलेला पलटणीचा क्रमांक, हे सारे मिळून शस्त्राची वंशावळ होते. ही वंशावळ तुटली की भगतसिंगांचे पिस्तूल आणि एखाद्या सावकाराच्या तिजोरीतील पिस्तूल यांत काही भेद उरत नाही. प्रयागराजच्या संग्रहालयात आज चंद्रशेखर आझादांचे कोल्ट पिस्तूल लोक भक्तिभावाने पाहतात. २७ फेब्रुवारी १९३१ च्या चकमकीनंतर ते एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याबरोबर इंग्लंडला गेले होते. १९७० च्या दशकात ते मायदेशी परतू शकले, याचे कारण ते कोणाकडे गेले याची आठवण शिल्लक होती. कोलकाता पोलिसांनी राजा राममोहन रॉय यांच्या जुन्या वास्तूत १९९६ मध्ये संग्रहालय उघडले. क्रांतिकारकांकडून जप्त केलेली शस्त्रे आणि किंग्जफोर्डसाठी पुस्तकात दडवून पाठवलेला बॉम्ब तेथे पाहायला मिळतो. एका शहराच्या पोलीस दलाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण अन्य राज्यांनी डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.

मात्र केवळ थोर नावांशी जोडलेलीच शस्त्रे जपण्यायोग्य, बाकीची भंगार, असे मानणे ही दुसरी चूक ठरेल. ज्या शस्त्रांना कोणाचेच नाव नाही, तीही बोलतात. किंबहुना राज्यकर्त्यांच्या मनातले जे त्यांच्या जाहीरनाम्यांत कधी उमटले नाही, ते त्यांनी शिपायाच्या हाती दिलेल्या बंदुकीत उमटलेले आहे. १८५७ चा संग्राम ज्या एनफील्ड बंदुकीच्या काडतुसावरून पेटला, तिच्या नळीत आटे होते. आटे गोळीला फिरकी देतात आणि त्यामुळे नेम दूरवर अचूक बसतो. संग्रामानंतर हिंदी पलटणींसाठी ज्या बंदुका मागवण्यात आल्या त्या दिसायला तशाच, पण त्यांच्या नळीतील आटे नाहीसे केलेले होते. हिंदी शिपायाचा नेम चुकावा, हीच त्या रचनेमागची इच्छा. पुढे गोऱ्या सैन्याला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणींच्या वाट्याला जुनी स्नायडर आली. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आली तेव्हा मार्टिनी हिंदी शिपायाकडे उतरली. एक पिढी मागे ठेवण्याचा हा नेम अर्धशतकभर पाळला गेला. तोफखाना तर, डोंगरी तोफांचा अपवाद वगळता, हिंदी सैनिकाच्या हातून काढूनच घेतला होता. ज्या सैन्याच्या बळावर साम्राज्य उभे होते, त्याच सैन्याचा साम्राज्याला किती अविश्वास होता, हे समजून घ्यायचे तर या तीन बंदुका शेजारी शेजारी ठेवाव्यात. शंभर पानांचा प्रबंध जे सांगणार नाही, ते शाळकरी मुलालाही पाच मिनिटांत उमगेल.

पोलिसांच्या बाबतीत हा अविश्वास आणखी उघडपणे दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर बंगालमधील इच्छापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलींचे रूपांतर ‘पॉइंट ४१० मस्केट’मध्ये होऊ लागले. चांगल्या रायफलीची नळी कोरून आतून गुळगुळीत करायची. दहा काडतुसे ज्या जागी बसतात तेथे लाकडी ठोकळा ठोकून बसवायचा, म्हणजे शिपायाला दर वेळी एकेक काडतूस हाताने भरावे लागेल. काडतूसही मुद्दाम निराळे, जेणेकरून ही बंदूक उद्या बंडखोरांच्या हाती पडलीच तरी सैन्याचा दारूगोळा तिच्यात चालू नये. हे हत्यार देशी पोलिसांना, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देण्यात आले. जमाव पांगवण्यापुरते ते उपयोगी आणि सरकारशी लढण्यास निरुपयोगी. विश्वासाचे माप इतक्या काटेकोरपणे लाकूड आणि लोखंडात क्वचितच कोणी उतरवले असेल. आणि खेदाची गोष्ट अशी, की स्वातंत्र्य मिळाल्यावरही कित्येक वर्षे हीच मस्केट हिंदी पोलिसाच्या खांद्यावर राहिली. राज्य बदलले, ठोकळा बदलला नाही!

या मस्केटची थोरली बहीण म्हणजे थ्री-नॉट-थ्री. इच्छापूरच्या कारखान्यात १९०४ पासून रायफली घडत आल्या आणि या रायफलीने हिंदी सैनिकाची दोन महायुद्धांत साथ केली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या तुकडीने शेवटच्या माणसापर्यंत झुंज दिली, तेव्हा बहुतेक जवानांच्या हाती हीच, प्रत्येक गोळीमागे खटका मागे-पुढे ओढावी लागणारी रायफल होती. समोर चिन्यांकडे स्वयंचलित शस्त्रे होती. त्यानंतर सैन्याने ती हळूहळू उतरवली, पण पोलिसांकडे ती राहिलीच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांच्या एके-४७ समोर जे पोलीस उभे राहिले, त्यांच्यापैकी काहींच्या हाती केवळ लाठी आणि काहींच्या हाती थ्री-नॉट-थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो थेट २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. निवृत्तीला उशीर झाला हे खरे. मुंबईतील रात्रीने तो उशीर किती महागात पडू शकतो हेही दाखवले. परंतु नवे शस्त्र देण्याची निकड आणि जुने शस्त्र जपण्याचे कर्तव्य या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. मोडीत काढलेल्या हजारो नगांपैकी प्रत्येक जिल्ह्याने पाच-दहा नग निवडून, त्यांच्या नोंदवह्यांसह वेगळे ठेवायचे म्हटले, तर सरकारच्या तिजोरीवर भार तो कितीसा पडणार? सध्याची रीत अशी, की निरुपयोगी ठरलेले शस्त्र यादीत चढते, भांडारात जमा होते, तोडले जाते आणि वितळते. त्या यादीवर सही करणाऱ्याला अनुक्रमांकामागचा इतिहास पाहण्याचे बंधन नसते. इंदूरचे पिस्तूल वाचले ते कोणी वाचवले म्हणून नव्हे, तर संग्रहालयाच्या कपाटात पडले म्हणून. यादीत चढले असते तर आज हुसैनीवाल्यात रिकामे कपाट असते.

शेजारच्या नेपाळची कथा याहून बोलकी आहे. काठमांडूच्या लगन सिलेखाना या जुन्या राजवाड्यात राणा राजवटीने पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला शस्त्रसंग्रह धूळ खात होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चकमकीच्या बंदुका, ब्रन्सविक रायफली, मार्टिनी-हेन्री आणि नेपाळी सेनानी गेहेंद्र शमशेर यांनी स्वतः रचलेल्या रायफली व दोन नळ्यांची ‘बीर’ तोफ-बंदूक. २००३ मध्ये हा सारा साठा, पन्नास हजारांहून अधिक शस्त्रे, दोन अमेरिकन व्यापारी कंपन्यांनी विकत घेऊन समुद्रापार नेला. कधीही परकीय सत्तेखाली न गेलेल्या एका हिंदू राज्याची शस्त्रपरंपरा एका व्यवहारात निघून गेली. आज गेहेंद्र रायफल पाहायची तर ती अमेरिकेतल्या एखाद्या संग्राहकाच्या दिवाणखान्यात भिंतीवर सहज सापडते. यात आणखी एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. त्या संग्राहकांनी त्या बंदुकांवरची शतकभराची घाण आणि वंगणाचे थर उतरवले, देवनागरीतील खुणा वाचून घेतल्या, कोणती बंदूक कोणत्या वर्षी, कोणत्या पलटणीसाठी बनली याचा अभ्यास केला. ज्याला ती वस्तू हवी होती त्याने तिची भाषा शिकून घेतली. ज्याच्याकडे ती होती त्याने ती अडगळ मानली. खासगी संग्राहकाकडे संशयानेच पाहायचे, अशी जी सवय या देशातील शासनयंत्रणेला जडली आहे, तिने या उदाहरणाचा विचार करावा.

ही सवय कुठून आली, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याच्या साखळीत जखडले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. घरातील शस्त्र म्हणजे गुन्ह्याची तयारी, ही समजूत तेव्हापासून प्रशासनात मुरली. वास्तविक महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्र पूजण्याची परंपरा कायद्याहून कितीतरी जुनी आहे. इनामदार, देशमुख, किल्लेदार यांच्या घराण्यांत तलवारीशेजारी तोड्याची वा ठासणीची बंदूक आजही झेंडूच्या हारासह पाटावर मांडली जाते. कुणाच्या आजोबांनी ती वाघासाठी वापरलेली असते, तर कुणाच्या पणजोबांना ती संस्थानच्या शिबंदीत असताना मिळालेली असते. अशा घरांत सध्या एक दबलेली धास्ती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या परवानाधारक अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेले शस्त्रही त्याच दोनांत मोजले जाऊ लागले. तिसरे ते जमा करायचे. शेतीच्या राखणीसाठी घेतलेली बंदूक ठेवायची की पणजोबांची, असा पेच पडला की बहुतेक जण व्यवहार पाहतात, आणि पणजोबांची बंदूक ठाण्याची पायरी चढते.

कायद्यात वाट अजिबात नाही असेही नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पंचेचाळिसावे कलम, जुन्या घाटणीची वा पुरातन मोलाची, दुरुस्त करूनही चालू न शकणारी शस्त्रे कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून ‘क्युरिओ’ या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे घेणे व बाळगणे यासाठी भारतीय नागरिकांना परवान्याची अट ठेवली नाही. ती वापरणे, बरोबर घेऊन जाणे वा वाहून नेणे यासाठी मात्र परवाना लागतो आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्यांच्यासाठी काडतुसे विकता येत नाहीत. तरतूद समंजस आहे. अडचण तिच्या अंमलात आहे. अमुक बंदूक क्युरिओ आहे की नाही, हे तालुक्याच्या ठाण्यात कोण ठरवणार? तेथील हवालदाराला अधिसूचना ठाऊक नसते, आणि घरमालकाला ती ठाऊक असली तरी कागद दाखवून वाद घालण्याची हिंमत नसते. परिणामी भिऊन जमा करणे किंवा गुपचूप विहिरीत टाकून देणे, हे दोनच मार्ग सामान्य माणसाला दिसतात.

दुसरीकडे १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांची अट घालतो. मंदिरातील मूर्तीला ही अट शोभते. स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वातील शस्त्रांना ती अन्यायकारक ठरते. साताऱ्याचे पत्री सरकार, १९४८ चा हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९५४ साली स्वयंसेवकांनी आणि गोमंतकीय तरुणांनी मुक्त केलेले दादरा-नगर हवेली, यांतल्या अनेक शस्त्रांनी शंभरी गाठलेली नाही. हस्तलिखितांसाठी याच कायद्याने ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांवर आणली आहे. तोच न्याय राष्ट्रीय घटनांशी संबंध सिद्ध झालेल्या शस्त्रांना लावायला कोणती आडकाठी आहे?

जुन्या शस्त्रांच्या नावाखाली चालती हत्यारे गुन्हेगारांच्या हाती जातील, हा आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. ज्या देशाने नक्षलवादाचे आणि सीमेपलीकडून येणाऱ्या शस्त्रांचे इतके भोग भोगले, त्याने या बाबतीत ढिलाई करावी असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. पण तोड्याची बंदूक घेऊन कोणी दरोडा घालत नाही. गावठी कट्टा त्याहून स्वस्त आणि सोपा मिळतो. आणि थ्री-नॉट-थ्रीसारखे चालू स्थितीतील शस्त्र संग्रहात ठेवायचे तर त्याची नळी बंद करून, चापाची यंत्रणा निकामी करून ते कायमचे निष्क्रिय करता येते. एकच पथ्य पाळायला हवे : निष्क्रिय करताना अनुक्रमांक आणि कारखान्याच्या खुणा यांवर कानस फिरता कामा नये.

कानशीचा विषय निघालाच आहे तर घरोघरच्या एका हौसेबद्दलही सांगायला हवे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासून बंदूक चकचकीत करण्याची जी प्रथा पडली आहे, तिने गंजापेक्षा अधिक नुकसान केले आहे. कंपनीच्या बंदुकांवर प्रारंभी बदामाच्या आकाराची आणि १८०८ नंतर उभ्या सिंहाची मुद्रा असे. तीच तिच्या वयाची साक्ष. घासल्याने ती पुसट होते आणि मग पर्यटनस्थळी विकल्या जाणाऱ्या, काल घडवलेल्या नकली ‘कंपनी’ बंदुकीत आणि घरच्या अस्सल बंदुकीत फरक करणे जाणकारालाही अवघड जाते. मऊ कापड, थोडे तेल आणि कोरडी जागा एवढे पुरे. ठासणीच्या बंदुकीबाबत तर आणखी सावधगिरी हवी. अनेक जुन्या बंदुका शेवटच्या मालकाने भरून ठेवलेल्या तशाच राहिलेल्या असतात. ठासणीचा गज नळीत तळापर्यंत जातो की मध्येच अडतो, हे जाणत्याकडून पाहून घेतल्यावाचून तिला हात लावू नये. आणि घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर ती कोणाची, कुठून आली, हे कागदावर तारखेसह लिहून, छायाचित्र जोडून ठेवावे.

महाराष्ट्र शासनाला या कामाचा आरंभ करायचा असेल तर नाशिकपासून करता येईल. १९०९ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरतळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले मुंबईला पाठवली. त्यांतील एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केला. त्या खटल्यांचे कागद अभिलेखागारात आहेत. पंजाबात एका पत्रकाराने एकट्याने जे केले, ते येथे गृहखाते, पुराभिलेख संचालनालय आणि इतिहास संशोधक यांनी मिळून करावे. खटल्यांच्या कागदपत्रांतील शस्त्रांची वर्णने काढावीत, जिल्ह्याजिल्ह्यांतील मालखाने आणि शस्त्रागारांच्या नोंदवह्यांशी ती ताडून पाहावीत, आणि ही तपासणी पूर्ण होईपर्यंत १९६१ पूर्वीचे एकही शस्त्र भट्टीकडे जाऊ देऊ नये. या आदेशाला नवा कायदा लागत नाही. गृहखात्याचे एक परिपत्रक पुरेसे आहे.